थरमध्ये सूर्यास्त आणि चंद्रोदय: वाळवंटी झाडांचे फोटो कसे काढावेत

जैसलमेरहून परतलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये काय असतं ते न बघताही सांगता येतं: उंट, वाळूवरच्या लाटा आणि मावळता सूर्य चिमटीत धरलेलं कुणीतरी. झाडं नसतात. थरमध्ये मात्र झाडं-झुडपं भरपूर आहेत, आणि संध्याकाळच्या त्या तासाभरात त्यांच्याइतकं फोटोजोगं तिथे दुसरं काही नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. हा लेख कॅमेरा नुकताच हाती घेतलेल्यांसाठी आहे. साधा डीएसएलआर किंवा मिररलेस, सोबत ५५-२५० किंवा ७०-३०० मिमीची झूम लेन्स आणि डगमगणार नाही असा ट्रायपॉड एवढं असलं तरी काम होतं. फक्त मोबाइल असेल तर काय करायचं, तेही ओघात येईल.

या फोटोचं ऐंशी टक्के काम दुपारी चारच्या आत, कॅमेरा बॅगेतच असताना होतं. कुठे उभं राहायचं हे ठरलं की सेटिंग्ज दुय्यम. म्हणून जागेबद्दल आणि अंतराबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे.

कुठलं झाड, कोणत्या महिन्यात

आधी एक गैरसमज दूर करू. वाळवंट म्हटलं की हात वर केलेले उंच निवडुंग डोळ्यांसमोर येतात. ते अमेरिकेतले. थरमध्ये त्यांच्या जवळ जाणारी आकृती म्हणजे थोर. तो निवडुंग नव्हे, शेर आणि पानशेराच्या कुळातला, तोडला की पांढरा चीक येणारा. तो वाळूत कमी आणि खडकाळ टेकड्यांवर जास्त दिसतो. जोधपूरला मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. तिथल्या ज्वालामुखीजन्य खडकांवर माजलेली वेडी बाभूळ काढून मूळच्या वनस्पती परत आणायचं काम २००६ मध्ये सुरू झालं. झाडं ओळखायला शिकायचं असेल तर जैसलमेरच्या आधी एक सकाळ इथे द्या. फाटक संध्याकाळी लवकर बंद होतं, त्यामुळे चंद्रोदयासाठी मात्र ही जागा धरू नका.

जैसलमेरच्या बाजूला सगळ्यात उपयोगी झाड खेजडी, म्हणजे आपली शमी. राजस्थानचा हा राज्यवृक्ष. दसऱ्याला तिची पानं हातात घेतलेल्यांनाही पूर्ण वाढलेलं झाड ओळखू येत नाही. हिवाळ्यात गावकरी जनावरांच्या चाऱ्यासाठी तिच्या फांद्या छाटतात. त्या पाल्याला तिकडे लूंग म्हणतात. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत बऱ्याच खेजड्या बोडक्या, गाठाळ बुंध्यांच्या असतात. छायाचित्रासाठी हे वाईट नाही. मावळतीच्या उजेडासमोर अशा खेजडीची आकृती पानांनी भरलेल्या झाडापेक्षा कितीतरी स्पष्ट येते.

रोहिडा हे राज्यपुष्प. माघ-फाल्गुनात त्याला पिवळी, केशरी, लाल फुलं येतात आणि तेव्हा पाठीवरून येणारा संध्याकाळचा उजेड त्याच्यावर घ्यायचा, काळी आकृती करायची नाही. फोग हे वाळूच्या टेकाडांवरचं झुडूप, बारीक फांद्यांचं, जवळजवळ बिनपानांचं. कैर म्हणजे आपल्याकडची नेपती. तीही बिनपानांची आणि काटेरी. खीप हिरव्या काड्यांची. आक तर ओळखायलाच नको: शनिवारी मारुतीला वाहतात तीच रुई. तिच्या पानांवर पांढरी लव असते आणि सूर्य मागे असताना प्रत्येक पानाला उजळ कड येते. बुई नावाच्या छोट्या झुडपाचे कापसासारखे तुरे आणि सेवण गवताचे झुपकेही अशाच उजेडात खुलतात. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, वाळूवर तुंब्याचे वेल पसरलेले असतात आणि त्यांना चेंडूएवढी पट्ट्यापट्ट्यांची फळं लागलेली असतात. वाइड लेन्स जमिनीलगत नेऊन काढायचा फोटो तो.

मे-जून टाळा. उष्णता सोसेलही, पण वारा आणि हवेतली धूळ चंद्राला क्षितिजापासून बरंच वर येईपर्यंत दिसू देत नाही.

तिथीचा हिशोब

नवीन माणूस पौर्णिमा धरतो. ती बरोबरच आहे, पण चतुर्दशीही धरा, कारण दोन्ही संध्याकाळी फोटो वेगळे मिळतात.

पौर्णिमेला सूर्य मावळायला आणि चंद्र उगवायला साधारण एकच वेळ येते. चतुर्दशीला चंद्र आधीच उगवतो, बहुधा सूर्यास्ताच्या अर्धा ते एक तास आधी. म्हणजे सूर्य अजून वर आहे, झाडावर सोनेरी ऊन आहे आणि मागच्या आकाशात फिकट चंद्र आहे. झाडाची साल, काटे, फुलं यांचे तपशील हवे असतील तर ही संध्याकाळ. पौर्णिमेला झाड काळं होतं आणि चंद्र रंगाने भरतो.

रोजचा चंद्रोदय सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे सरकतो असं आपण शिकलेलो असतो. सरासरीच ती. ऋतूनुसार हा फरक अर्ध्या तासापासून तासाभरापर्यंत बदलतो. कोजागरीच्या आसपास तो कमी असतो, त्यामुळे ओळीने दोन-तीन संध्याकाळी चंद्रोदय सूर्यास्ताच्या जवळपास सापडतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने म्हणूनच आश्विन किंवा कार्तिक निवडावा. एक संध्याकाळ ढगांनी खाल्ली तरी दुसरी हाताशी राहते. फाल्गुनात हा फरक जास्त असतो. रोहिडा फुललेला असतो खरा, पण चुकलात तर चुकलात.

घरातल्या कॅलेंडरवरची चंद्रोदयाची वेळ वापरू नका. ती मुंबई-पुण्याची असते. जैसलमेर पश्चिमेला आणि बरंच उत्तरेला आहे. डिसेंबरात तिथे सूर्य मुंबईपेक्षा थोडा आधी, सहाच्या जरा अलीकडे मावळतो. जूनमध्ये मात्र पावणेआठच्या सुमाराला, म्हणजे मुंबईनंतर पंचवीसेक मिनिटांनी. चंद्राचंही असंच पुढेमागे होतं. फोटोपिल्स किंवा स्टेलॅरियमसारख्या ॲपमध्ये जागा नकाशावर टाकून वेळ आणि दिशा दोन्ही बघा.

दिशा महत्त्वाची आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो, म्हणून हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येकडे मावळतो तेव्हा चंद्र ईशान्येकडे उगवतो. डिसेंबरात तो ऐन पूर्वेपासून, वर्षानुसार, वीस ते बत्तीस अंश उत्तरेला सरकलेला असतो. ‘पूर्वेला उगवेल’ एवढ्या भरवशावर झाड निवडलं तर चंद्र भलत्याच बाजूला वर येतो.

एक व्यावहारिक गोष्ट. माघी पौर्णिमेला जैसलमेरचा मरू महोत्सव असतो आणि त्याची सांगता जवळच्या सम गावाच्या वाळूवर होते. तो बघायचा असेल तर जरूर बघा. झाडांचे फोटो काढायचे असतील तर त्या दिवशी समकडे फिरकू नका.

चंद्र मोठा कसा दिसतो

झाडामागे थाळीएवढा चंद्र असलेले फोटो बघून बरेच जण तो फोटोशॉपचा खेळ समजतात. काही असतातही. पण तो परिणाम सरळ कॅमेऱ्यातून मिळवता येतो आणि त्यामागे शाळेतलं गणित आहे.

आकाशात चंद्राची रुंदी सुमारे अर्धा अंश. हात ताणून करंगळी धरली तर ती साधारण एक अंश झाकते, म्हणजे चंद्र अर्ध्या करंगळीएवढा. क्षितिजावर तो मोठा वाटतो तो आपल्या मेंदूमुळे. कॅमेऱ्याला तो तेवढाच दिसतो. तुम्ही कुठेही जा, चंद्राचा आकार बदलत नाही. झाडाचा बदलतो. झाडापासून लांब गेलात की झाड लहान होतं, चंद्र तेवढाच राहतो, आणि मग लांब लेन्सने दोघांना एकत्र ओढून घ्यायचं.

किती लांब? वस्तूच्या उंचीच्या सुमारे ११० पट अंतरावर ती वस्तू चंद्राएवढी दिसते. माणसाच्या उंचीचं, पावणेदोन-दोन मीटरचं फोगाचं झुडूप २०० मीटरवरून चंद्राएवढं. सहा मीटरची खेजडी चंद्राएवढी करायची तर ६६० मीटर मागे जावं लागेल. झाड चंद्राच्या दुप्पट हवं असेल तर अंतर निम्मं करा.

इथवर बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. पुढची गोष्ट कुणी सांगत नाही आणि नवा माणूस तिथेच अडकतो. सपाट जमिनीवर ६६० मीटर अंतरावरची खेजडी क्षितिजाला चिकटलेली असते, तिचा शेंडा जेमतेम अर्ध्या अंशावर. थरच्या हवेत क्षितिजालगतचे पहिले दोन अंश बहुधा धुळीत असतात. चंद्र धुळीतून बाहेर येईपर्यंत तो झाडाच्या कितीतरी वर गेलेला असतो, आणि फोटोत खाली ठिपक्याएवढं झाड, वर अधांतरी चंद्र.

उपाय एकच: झाड उंचावर हवं आणि तुम्ही खोलगटात. दर १०० मीटर अंतराला एक अंश म्हणजे सुमारे पावणेदोन मीटर उंची, हे लक्षात ठेवा. फोगाचं झुडूप तुमच्यापेक्षा १२ मीटर उंच टेकाडाच्या माथ्यावर आहे आणि तुम्ही २०० मीटरवर, तर त्याचा बुंधा साडेतीन अंशांवर येतो. पूर्वेच्या बाजूने चंद्र थरच्या अक्षांशावर दर साडेचार मिनिटांना सुमारे एक अंश वर चढतो. म्हणजे चंद्रोदयानंतर पंधराएक मिनिटांनी तो बरोबर त्या झुडपामागून डोकं काढेल. धूळ मागे पडलेली असेल, आकाश निळं असेल, आणि पौर्णिमा असेल तर सूर्य मावळून पाव तास झालेला असेल. उजेडाच्या दृष्टीने ती नेमकी हवी ती वेळ आहे.

याच कारणाने खेजडीपेक्षा फोग आणि कैर नवीन माणसाला सोपे. झुडूप लहान, म्हणून अंतर कमी. अंतर कमी, म्हणून छोटं टेकाडही पुरतं आणि मधली धूळही कमी.

आणखी एक गोष्ट पाठ करून ठेवा. चंद्र सरळ वर जात नाही. थरमध्ये तो दोन अंश वर चढताना साधारण एक अंश उजवीकडे सरकतो. म्हणून तो झाडामागे धरून ठेवायचा तर तुम्हाला डावीकडे सरकत राहावं लागतं. २०० मीटर अंतरावर एक अंश म्हणजे साडेतीन मीटर. चंद्र झाडाच्या वर निसटायला लागला की टेकाडाच्या दिशेने पुढे चाला. जवळ गेलात की माथा वर येतो आणि चंद्र पुन्हा झाडामागे जातो. स्वतःच्या रुंदीएवढं अंतर कापायला चंद्राला दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात ट्रायपॉड उचलून चार पावलं जाऊन पुन्हा रोवायचा सराव दुपारीच करून ठेवा. हसू येईल, पण करा.

दुपारी चार वाजता

जैसलमेरपासून पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर सम आणि नैर्ऋत्येला त्याहून थोडं लांब खुरी. समला जीपा, उंट, तंबूंचे दिवे आणि रात्री ध्वनिक्षेपक. तिथल्या मुख्य टेकाडांवर वनस्पती पायदळी तुडवून संपल्यात जमा. खुरी तुलनेने शांत आहे आणि टेकाडांच्या कडांना फोग-आक शिल्लक आहेत. या भागातला बराच प्रदेश डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये मोडतो. ३,१६२ चौरस किलोमीटरचं ते अभयारण्य माळढोकसाठी राखलेलं आहे आणि त्याच्या कुंपणाच्या आत जायला वनखात्याची परवानगी लागते. सीमेलगतच्या काही गावांकडे जायलाही परवानगी लागते. मुक्कामाच्या ठिकाणी आधी विचारून घ्या. ड्रोन घरीच ठेवा.

जागा शोधताना एका झाडाच्या मागे लागू नका. जोडी शोधा. पौर्णिमेला सूर्यास्त आणि चंद्रोदय यांच्यात एवढा कमी वेळ असतो की एकाच झाडाला वळसा घालून दोन्ही बाजूंनी फोटो काढणं वाळूत जमत नाही. म्हणून अशा खोलगटात उभं राहा जिथून पूर्वेच्या (म्हणजे ॲपने सांगितलेल्या दिशेच्या) टेकाडावर चंद्रासाठी एक मोकळं झुडूप आहे आणि पश्चिमेला, वीस-तीस पावलांवर, सूर्यासाठी गवताचा झुपका किंवा रुई. मग फक्त मान आणि ट्रायपॉड फिरवायचा.

झुडूप ‘मोकळं’ म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना आकाश दिसलं पाहिजे. तीन झुडपं एकमेकांत गुंतली तर आकृतीचा काळा गोळा होतो. मागे विजेचे खांब, तारा आहेत का बघा. जैसलमेरच्या आसपास पवनचक्क्या खूप आहेत, आणि दिवसा लक्षात न आलेल्या लांबच्या चक्क्या अंधार पडताच लाल दिवे मिचकावू लागतात. झाडाच्या पूर्वेकडे एखादा तंबूंचा कॅम्प आहे का, तेही आत्ताच बघा.

पायांचे ठसे. टेकाडाच्या ज्या उतारावर फोटो काढायचा त्यावर स्वतः चालू नका, लांबून वळसा घाला. अंतर मोजायला फोनवरचा नकाशा बरा. वाळूत पावलं लहान पडतात आणि मोजणी फसते. जागा ठरली की होकायंत्र लावून चंद्राच्या दिशेला हात ताणा आणि करंगळ्यांनी मोजा: माथा किती अंशांवर आहे, चंद्र तिथे किती वाजता येईल. ती वेळ हातावर पेनाने लिहून ठेवली तरी चालेल.

सूर्य मावळताना

सूर्यास्ताच्या आधीचा पाऊण तास झाडांना मागून उजेड देण्याचा. सेवण, बुई, रुई यांच्या लवेवर, कैरच्या काट्यांवर सोन्याची कड येते. खाली बसा, झाडाच्या मागे सावलीतला टेकाडाचा उतार येईल असं बघा. पार्श्वभूमी काळसर असली तरच ती कड दिसते, उजळ आकाशावर ती हरवते. एफ/५.६ (लेन्सच्या छिद्राचं माप), आयएसओ २०० (सेन्सरची संवेदनशीलता), शटर १/२५० सेकंदाच्या आसपास सुरुवात करा आणि एक्स्पोजर एक स्टॉप कमी, म्हणजे उजेड निम्मा, ठेवा. लेन्सवर थेट ऊन पडत असेल तर हाताने किंवा टोपीने सावली करा, फोटो एकदम स्वच्छ होतो.

सूर्यालाच चौकटीत घ्यायचं असेल तर दोन मार्ग. एक, वाइड लेन्स, एफ/१६, आणि सूर्य फांदीच्या आड अर्धा लपलेला: किरणांचा तारा दिसतो. दुसरा, लांब लेन्सने लाल गोळा. डीएसएलआरच्या आयपीसमधून लांब लेन्सने सूर्याकडे बघू नका, डोळा कायमचा दुखावू शकतो. मागच्या पडद्यावर लाइव्ह व्ह्यू लावा, आणि तेही सूर्य क्षितिजाजवळ येऊन मंद झाल्यावरच.

चतुर्दशी असेल तर याच वेळी पाठ सूर्याकडे करा. चंद्र एव्हाना पाच ते दहा अंशांवर आहे. इथे दूरच्या टेकाडाचं गणित लागू होत नाही. जवळची खेजडी घ्या. सहा मीटरचं झाड चाळीस मीटरवरून बघितलं तर शेंडा सहा-सात अंशांवर येतो, म्हणजे चंद्र बरोबर त्याच्या वर किंवा फांद्यांत. ७० ते १३५ मिमी, एफ/८, आयएसओ २००, १/१२५. चंद्र लहान येईल. येऊ द्या. केशरी उन्हात न्हालेली खेजडी आणि वर तो एवढासा चंद्र, यात झाडाला जो मान मिळतो तो थाळीएवढ्या चंद्रासमोर मिळत नाही. मला स्वतःला हाच फोटो जास्त आवडतो. मोबाइलवाल्यांनाही हाच सोपा: तीनपट किंवा पाचपट झूम, बोट चंद्रावर ठेवून उजेडाची पट्टी थोडी खाली. मोबाइलचं खास चंद्रासाठीचं मोड असेल तर बंद करा. काही मोबाइल चंद्र ओळखून त्यावर स्वतःहून डाग चढवतात, आणि शेजारचं झाड मात्र मऊ पडलेलं असतं.

सूर्य गेल्यावर पूर्वेकडे क्षितिजावर निळसर-करडा पट्टा वर येताना दिसेल, त्याच्यावर गुलाबी. तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. पौर्णिमेचा चंद्र याच पट्ट्यांतून वर येतो. हा रंग दहा-पंधरा मिनिटंच टिकतो.

चंद्र वर येताना

लेन्स ३०० किंवा ४०० मिमी. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, २५० मिमीही पुरेल. ट्रायपॉडचे वाळूत रुतणारे सगळ्यात खालचे भाग आधी उघडा, म्हणजे त्यांची कुलपं वाळूच्या वर राहतात. मधला दांडा खाली ठेवा. वारा असेल तर बॅग ट्रायपॉडला अडकवण्यापेक्षा स्वतः वाऱ्याच्या बाजूला उभं राहा.

फोकस उजेड असतानाच झुडपावर करून ऑटोफोकस बंद करा. एफ/११ ठेवा. झुडूप आणि चंद्र दोन्ही कडक येणार नाहीत. लांब लेन्सला २०० मीटर आणि चंद्र यांतला फरक कळतो. झुडपाच्या काड्या कडक हव्यात, चंद्र किंचित मऊ असला तर डोळा माफ करतो. उलटं झालं तर करत नाही.

सूर्यास्तानंतर पाव तासाने साधारण आयएसओ ८००, एफ/११, १/१५ पासून सुरुवात करा. फोटो काढा, मोठा करून चंद्र बघा. चंद्रावरचे डाग दिसतायत ना? नसतील तर शटर जलद करा. आकाश फार काळं येतंय का? मग थोडं हळू. धुळीतून येणारा तांबूस चंद्र मंद असतो, त्यामुळे ही दहा मिनिटं दोन्ही जमतं. चंद्र जसजसा वर येतो आणि आकाश काळवंडतं तसतसा दोघांतला फरक वाढतो. सूर्यास्तानंतर पंचवीस-तीस मिनिटांनी एक तर चंद्र पांढरी टिकली होतो किंवा बाकी सगळं काळं. तिथे थांबा. १/४ सेकंदापेक्षा हळू शटर वापरू नका, लांब लेन्समध्ये चंद्र हललेला दिसतो. दोन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बटण दाबल्याचा धक्का जात नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेची सेटिंग, डेलाइटवर कायम ठेवा. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा चंद्राचा तांबूसपणा प्रामाणिकपणे धुऊन काढतो. फाइल रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ रूपातच, घ्या.

आणि सरकत राहा. डावीकडे, पुढे, खाली बसून, उभं राहून. एकाच जागी खिळून शंभर फोटो काढले तर शंभरही सारखेच.

चांदण्यात

चंद्र वीस-पंचवीस अंश वर गेला की त्याच्याकडे पाठ करा. आता तो दिवा आहे. वाइड लेन्स, एफ/२.८, आयएसओ १६००, चार ते आठ सेकंद. किट लेन्स एफ/३.५ ची असेल तर थोडं जास्त. चंद्र बाजूला असू द्या म्हणजे झाडांच्या सावल्या वाळूवर आडव्या पडतात. एवढ्या सेकंदांत फांद्या वाऱ्याने हलणारच. खीप आणि गवत पुसट होतं. खेजडीचा जुना बुंधा, थोर, वाळलेला रोहिडा जागचा हलत नाही, तो घ्या. फोकस जमत नसेल तर कुणाला तरी झाडाशी टॉर्च धरायला सांगा, फोकस करून बंद करा आणि टॉर्चही बंद. टॉर्चने झाड रंगवण्याचा मोह होतो. चांदण्यातलं झाड चांदण्यातच बरं. मोबाइलचं नाइट मोड ट्रायपॉडवर इथे चक्क चांगलं काम करतं.

जिवाची आणि वाळूची काळजी

थरमध्ये फुरसं आहे, आपल्या कोकणातल्यासारखंच, आणि ऊन उतरल्यावर ते बाहेर पडतं. घोट्यावरचे बूट घाला, झुडपाच्या बुडात हात घालू नका, गुडघे टेकण्याआधी टॉर्च मारा. रुई आणि थोराचा चीक हाताला लागला तर डोळ्यांना हात लावू नका. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टर गाठा, बुबुळाला इजा होऊ शकते.

लेन्स वाळूत बदलू नका. एका बॉडीवर झूम लावून जा आणि वाइडसाठी मोबाइल वापरा, किंवा गाडीत बसून बदला. लेन्सवर वाळू दिसली तर फडक्याने पुसू नका, आधी हवेच्या फुग्याने उडवा. जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते. खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बॅगेत बंद करा आणि तासभर उघडू नका, नाहीतर काचेवर दमट थर धरतो.

फांदी आड आली तर तोडायची नाही, स्वतः सरकायचं. जोधपूरजवळच्या खेजडलीत १७३० साली खेजडीची तोड रोखताना ३६३ बिष्णोईंनी प्राण दिले. तिकडच्या गावांत ही गोष्ट आजही सांगितली जाते. गावांच्या ओरणमध्ये, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, जाण्याआधी विचारा. बहुधा कुणी अडवत नाही. उलट चांगली खेजडी कुठे आहे ते मेंढपाळाइतकं नेमकं कुणीच सांगू शकत नाही.

संध्याकाळ फसली तर

ढग आले, धूळ उठली, गणित चुकलं, तर पहाटे उठा. पौर्णिमेच्या आणि त्यानंतरच्या प्रतिपदेच्या पहाटे तोच चंद्र पश्चिमेला मावळत असतो आणि पूर्वेकडून सूर्य येत असतो. कालच्या सगळ्या दिशा उलट्या होतात: आता झुडूप पश्चिमेच्या टेकाडावर हवं आणि तुम्ही त्याच्या पूर्वेला. मावळता चंद्र खाली येताना उजवीकडेच सरकतो, म्हणून तुमचं सरकणं पुन्हा डावीकडेच. प्रतिपदेच्या पहाटे चंद्र क्षितिजावर असताना सूर्य उगवून झाडांवर ऊन पडलेलं असतं, म्हणजे चतुर्दशीच्या संध्याकाळचा उजेड पुन्हा हाती लागतो. रात्रीत वारा पडलेला असतो, धूळ बसलेली असते आणि समच्या टेकाडांवरसुद्धा त्या वेळी जीपा सुरू झालेल्या नसतात.

प्रतिपदेची संध्याकाळ मात्र चंद्रासाठी फारशी उपयोगाची नाही. तो अंधार पडल्यावर उगवतो. आश्विनात थोडीफार आशा असते, एरवी त्या संध्याकाळी फक्त सूर्यास्त काढा आणि लवकर जेवून झोपा. जैसलमेरहून निघण्याचा दिवस ठरवताना प्रतिपदेची पहाट हातात राहील असं तिकीट काढा.